न्हाणीची दुरुस्ती पाण्यानेच पारखावी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेला २५ वर्षं पूर्ण झाली. माझी सगळी नोकरी बांधकामावर देखरेख करण्यात गेली, म्हणून सचिवांनी मला 'घराच्या देखभालीवर काहीतरी बोला' असं सांगितलं. मी विचारलं, सर्वांत जास्त तक्रारी कशाच्या येतात? ते म्हणाले, "सर, पार्किंगच्या आणि बाथरूमच्या." पार्किंगवर बोलण्याची माझी हिंमत नाही. म्हणून आज बाथरूमवर बोलतो. त्यातही एकाच गोष्टीवर बोलतो, ती म्हणजे अंघोळीच्या जागेची ती जाळी, तिच्याखालचा ट्रॅप आणि तिथे झालेली दुरुस्ती.

रौप्यमहोत्सवात मोरीचं भाषण ऐकून काहींना हसू येईल. पण २५ वर्षांची इमारत म्हणजे काय, ते बघा. स्लॅब, कॉलम अजून तरुण असतात. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट, पाइपांचे जोड हे मात्र म्हातारे झालेले असतात. बहुतेक घरांत एकदा तरी दुरुस्ती झालेली आहे, आणि माझा अनुभव असा की मूळ कामापेक्षा त्या दुरुस्तीनेच जास्त घोटाळे केलेले असतात.

परसातली न्हाणी आणि तिसऱ्या मजल्यावरची न्हाणी

आपल्यापैकी पुष्कळ जण आर्वी, हिंगणघाट, देवळी, सेलू, पुलगाव इकडच्या खेड्यांतून, कौलारू घरांतून आलेले आहेत. तिथे न्हाणी परसात असायची. दोन-चार फरश्या टाकलेल्या, पाणी तापवायला चूल, आणि सांडपाणी सरळ केळीला नाहीतर अळूला. फरशी फुटली, सांधा उघडा पडला, तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पाणी जमिनीत जिरायचं आणि केळ आणखी जोमाने वाढायची.

फ्लॅटमध्ये हीच न्हाणी कुणाच्या तरी डोक्यावर आली. आपली फरशी हे खालच्यांचं छत झालं. सवय मात्र आपण परसातलीच घेऊन आलो. पाणी दिसेनासं झालं की गेलं, असं आपण धरतो. ते कुठे गेलं, हे बघायला आपण जात नाही. वाईट दुरुस्ती खपून जाते ती याच सवयीमुळे. मिस्त्री पांढरं सिमेंट भरतो, एक मग पाणी ओततो, पाणी खाली जातं, तो म्हणतो, "घ्या भाऊ, एकदम पॅक करून दिलं." आपण पैसे देतो. आणि दीड महिन्याने खालच्या काकू वर येतात.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. न्हाणीची दुरुस्ती डोळ्यांनी पास करू नका, पाण्याने पास करा. आणि तिचा निकाल खालच्या घरात जाऊन बघा.

जाळीखाली काय असतं

आधी रचना समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जाळी उचलली की खाली एक वाटीसारखा भाग दिसतो. त्यात कायम पाणी उभं असतं. त्याला प्लंबर लोक 'नाहणी ट्रॅप' म्हणतात. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा हा शब्द तसाच छापलेला असतो, आणि तो आपल्या न्हाणीचाच शब्द आहे.

हे उभं पाणी कशासाठी? गटाराची हवा वर येऊ नये म्हणून. पाइपाला वाक देऊन त्यात पाणी अडवायचं ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली इंग्लंडमध्ये पेटंट केली. सुमारे अडीचशे वर्षं झाली, त्याहून सोपा उपाय अजून सापडलेला नाही. आपल्याकडच्या बांधकाम संहितेनुसार या पाण्याची खोली निदान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असावी.

ट्रॅपच्या भोवती फरशी, फरशीखाली मसाला, आणि मसाल्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर. बाथरूमचा स्लॅब बाकी घराच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो. मिस्त्री त्याला 'संकन' म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप टाकून वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. म्हणजे तुमच्या फरशीखाली एक भरलेलं टाकंच आहे असं समजा. वरून थोडं थोडं पाणी मुरत राहिलं तर ते आधी या टाक्यात साठतं. टाकं भरलं, की मग खाली पाझरतं. म्हणून गळती सुरू कधी झाली आणि दिसली कधी, यात महिनोन् महिने जातात. आणि म्हणूनच दुरुस्ती नीट झाल्यावरही खालचं छत लगेच कोरडं होत नाही. आतलं साठलेलं पाणी निथळायला वेळ लागतो. हे माहीत नसलं की माणसं चांगल्या कामालाही नावं ठेवतात.

नजरेला दिसणाऱ्या खुणा

वाईट दुरुस्तीच्या काही खुणा पाणी न ओतताही दिसतात. घरी गेल्यावर आजच बघा.

पहिली खूण, जाळी फरशीच्या वर आलेली. जुनी फरशी न काढता तिच्यावर नवी बसवली किंवा जाळी जाड सिमेंटवर टेकवली, की हे होतं. जाळी फरशीपेक्षा किंचित खालीच हवी. ती वर असेल तर तिच्याभोवती पाण्याचं कडं उभं राहतं, आणि ते पाणी सांध्यातून आत जातं.

दुसरी खूण, जाळी सिमेंटमध्ये कायमची बसवून टाकलेली. दिसायला छान, पण ट्रॅप साफ करायचा कसा? आपल्याकडे पुष्कळ घरांत बोअरचं पाणी आहे, आणि ते जड असतं. जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो आणि पांढरा चिकट थर जास्त बसतो. त्यात केस अडकतात. महिन्यातून एकदा वाटी काढून धुतलीच पाहिजे. जाळी निघत नसेल तर ती दुरुस्ती अर्धवट समजा.

तिसरी खूण, ट्रॅपच्या कडेला पांढऱ्या सिमेंटचं कडबोळं. प्लॅस्टिकचा ट्रॅप उष्णतेने फुगतो-आकसतो, सिमेंट तितकं हलत नाही. वर्ध्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, आणि हिवाळ्यातलं अंघोळीचं कढत पाणीही माहीत आहे. दोन्हींच्या मध्ये केसाएवढी फट पडते. तेवढी फट पाण्याला पुरते.

चौथी खूण, वास आणि झुरळं. काही वेळा जुना ट्रॅप फुटला म्हणून मिस्त्री नुसता बेंड लावून देतो. पाणी झपकन जातं, आपण खूश होतो. पण आत पाणी उभंच राहत नाही, म्हणजे गटाराचं दार सताड उघडं. टॉर्च लावून बघा. आत स्थिर पाणी चमकलं तर ट्रॅप आहे, काळा पाइप दिसला तर नाही.

पाचवी खूण खालच्या घरात. छताला पिवळट डाग, पांढरा लोणा, पोपडे. लोणा म्हणजे पाण्याने सिमेंटमधले क्षार बाहेर आणले. त्यापुढची पायरी म्हणजे सळईला गंज. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. तिथे रंग मारून काही होत नाही.

वासाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. २००३ साली सार्सची साथ आली, तेव्हा हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तिथल्या आरोग्य खात्याच्या तपासात बोट गेलं ते बाथरूमच्या जमिनीवरच्या ट्रॅपकडे. पुष्कळ घरांतले ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट पंखा लागला की सांडपाण्याच्या पाइपातली हवा कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढली जायची. आपण उन्हाळ्यात महिनाभर घर बंद करून गावाला जातो. इथल्या उन्हात ट्रॅपमधलं पाणी आटतं. जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वरून दोन चमचे गोडं तेल सोडा. तेलाची साय पाणी उडू देत नाही. आल्यावर आधी पाणी ओता, मगच पंखा लावा.

पाण्याच्या पाच परीक्षा

आता मुख्य भाग. गळती असेल तर ती नळाच्या पाइपातून आहे, सांडपाण्याच्या पाइपातून आहे, फरशीतून आहे की भिंतीतून, हे आधी ठरवायचं. न ठरवता फोडाफोड केली तर पैसा आणि शेजार दोन्ही जातात. या परीक्षांना छन्नी-हातोडी लागत नाही. लागतो तो खालच्या घरात बघायला उभा असलेला एक माणूस आणि थोडा धीर. एक सूचना मात्र आधी. खालच्या बाथरूममध्ये दिव्याजवळून किंवा गीझरच्या वायरीजवळून पाणी ठिबकत असेल, तर तिथली वीज मेन स्विचवरून बंद करून मगच सुरुवात करा.

पहिली परीक्षा नळाची. त्या बाथरूमचा कॉक दोन दिवस बंद ठेवा आणि बाथरूम वापरू नका. नंतर दोन दिवस कॉक उघडा, पण वापर नकोच. दाबाखालचा पाइप गळत असेल तर कॉक उघडल्यावर, कुणी अंघोळ न करताही, खाली ठिबक वाढतं. सांडपाण्याची गळती अंघोळीमागे चालते, नळाची गळती रात्रंदिवस चालते. एवढा फरक ओळखला तरी निम्मं काम झालं.

दुसरी परीक्षा पाइपाची. नळीचं टोक सरळ ट्रॅपच्या तोंडात घाला, भोवतालची फरशी ओली होऊ देऊ नका, आणि चार-पाच बादल्या पाणी सोडा. पाण्यात थोडी नीळ कालवा, म्हणजे खाली आलेलं पाणी हेच का, ते कळेल. अर्ध्या-एक तासात खाली निळं ठिबकलं तर ट्रॅपचा किंवा पाइपाचा जोड गेला. निळं दिसलं नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. कोब्यातून यायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

तिसरी परीक्षा फरशीची. ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा. बोळ्याला दोरी बांधून टोक बाहेर ठेवा, नाहीतर तोच आत जाऊन नवीन चोकअप होईल. उंबऱ्याच्या खाली राहील एवढं, इंचभर पाणी भरा. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा. शेजारी परातीत तेवढंच पाणी ठेवा. २४ तासांनी दोन्ही बघा. परातीतलं पाणी हवेने जेवढं आटलं तेवढंच फरशीवरचं आटलं असेल तर फरशी पास. फरशीवरचं जास्त उतरलं असेल, तर ते कुठेतरी गेलं, आणि कुठे गेलं ते खालच्या घरात दिसेल. नवीन वॉटरप्रूफिंग केलं असेल तर फरशी बसवण्याआधी हीच परीक्षा ४८ तास करा.

चौथी परीक्षा भिंतीची. जाळी उघडी ठेवून पंधरा मिनिटं भिंतीवर पाण्याचा फवारा धरा. शॉवर आल्यापासून भिंती फार भिजतात, आणि जुन्या घरांत वॉटरप्रूफिंग भिंतीवर जेमतेम वीतभर चढवलेलं असतं. फरशी पास, पाइप पास, तरी ओल येते, तेव्हा चोर बहुधा भिंतीच्या टाईल्सच्या सांध्यात असतो.

पाचवी परीक्षा उताराची, आणि ही सर्वांत सोपी. एक बादली पाणी एकदम ओता. मिनिटभरात बहुतेक पाणी गेलं पाहिजे, आणि पाच मिनिटांनी कुठे डबकं राहता कामा नये. राहिलं तर त्यात रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बुडलं तर उतार चुकला. मुलांचा कंचा असेल तर कोरड्या फरशीवर चारी कोपऱ्यांतून सोडून बघा, तो जाळीकडे गेला पाहिजे. आपले जुने मिस्त्री उतार सुतात मोजतात. फुटाला एक सूत म्हणजे मीटरला साधारण एक सेंटीमीटर. बाथरूमला एवढा तरी उतार हवाच. अंघोळीच्या जागेपुरता फुटाला दोन सूत दिला तर पाणी ताबडतोब निघतं. त्याहून जास्त दिला तर ओल्या पायाने घसरण्याची भीती. घरात म्हातारी माणसं असतील तर हे विसरू नका. डबक्यातला साबण हाच त्यांचा पहिला शत्रू आहे.

दुरुस्तीची दुरुस्ती

निकाल लागला. आता करायचं काय? याच्या तीन पायऱ्या आहेत. आपलं काम कुठल्या पायरीचं, ते परीक्षेतून कळतंच.

पहिली पायरी घरच्या घरी जमणारी. पाइप पास आहे, फरशीही जवळजवळ पास आहे, फक्त जाळीभोवती फट आहे किंवा सांध्यांतलं सिमेंट झिजलं आहे. जुनं सैल सिमेंट खरवडून पूर्ण काढा. त्याच्यावरच नवीन लिंपलं तर ते महिन्यात पापुद्र्यासारखं निघतं. सांधा दोन-तीन दिवस पूर्ण कोरडा होऊ द्या, त्यासाठी तेवढे दिवस दुसऱ्या बाथरूमची सोय करा. मग सांध्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी एपॉक्सी ग्राउट भरा. महाग पडतं, पण पाणी पीत नाही. प्लॅस्टिकचा ट्रॅप आणि फरशी यांच्यामधल्या फटीत, तसंच भिंत आणि फरशी यांच्या कोपऱ्यात, सिलिकॉन सीलंट भरा. ते रबरासारखं लवचीक राहतं. डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पाळा, बहुधा तो २४ तासांचा असतो.

इथेच एक विनंती. फरशी चकचकीत करण्यासाठी बाजारातलं 'अॅसिड' ओतणं बंद करा. ते डाग खातं तसंच सांध्यांतलं सिमेंटही खातं. आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर चुकूनही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

दुसरी पायरी प्लंबरची. पाइपाची परीक्षा नापास झाली आहे. मग ट्रॅपभोवतीच्या फरश्या काढून जोड उघडा करायलाच हवा, वरून काहीही ओतून तो बुजत नाही. पीव्हीसीचा जोड करताना पाइप कोरडा व स्वच्छ पुसलेला, दोन्ही बाजूंना सॉल्व्हंट लावलेलं, आत घालून थोडा पिळलेला आणि अर्धा मिनिट दाबून धरलेला असला पाहिजे. नुसता खोचून वर सिमेंटचा गोळा लावणं म्हणजे जोड नव्हे. जुन्या इमारतीत बीडाचा पाइप असेल आणि त्याला पीव्हीसी जोडायचा असेल, तर त्यासाठी मिळणारा जोडच वापरायला सांगा. जोड उघडा असतानाच दुसरी परीक्षा पुन्हा करा. झाकल्यावर केली तर काय उपयोग?

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. तुमच्याखाली कुणी राहत नाही, पण काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंत पायावर उभी असते आणि जागेवर राहते, भरावावरची फरशी मात्र खचते. अशा वेळी पाइप नेमका भिंतीतून बाहेर पडतो तिथे मोडतो. वरून काहीच दिसत नाही. पाणी जमिनीत जातं, माती आणखी फुगते, आणि बाथरूमच्या भिंतीला तिरकी तडा जाते. तडा बुजवण्याआधी बाहेरचं चेंबर उघडून बघा. आत पाच बादल्या ओतल्या तर चेंबरमध्ये तेवढ्याच जोमाने पाणी यायला हवं. चेंबरचं झाकण उघडून बघा म्हणतो, आत उतरा म्हणत नाही. सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. दरवर्षी अशी माणसं मरतात. संस्थेच्या नावावर असं पाप नको.

तिसरी पायरी संपूर्ण कामाची. फरशीची परीक्षा सपशेल नापास, खाली लोणा, कोबा पाण्याने भरलेला. इथे वरवरचं कुठलंच औषध चालत नाही. फरशी आणि कोबा काढायचा, स्लॅब धुऊन वाळवायचा, स्लॅबच्या भेगा भरायच्या, आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे द्यायचे. कोपऱ्यांत आणि पाइपाभोवती फायबरची जाळी घालायची. थर भिंतीवर फूटभर आणि अंघोळीच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत न्यायचा. ट्रॅपपाशी हा थर ट्रॅपच्या तोंडाच्या आत वळवायचा. नव्वद टक्के लक्ष या एका जागी द्या म्हणेन मी, कारण थर आणि ट्रॅप जिथे भेटतात तिथेच काम फसतं. मग ४८ तास पाणी भरून ठेवायचं, आणि नंतरच फरशी. आठवडा-दहा दिवस बाथरूम बंद राहील. पण तीन वेळा पांढरं सिमेंट भरण्याचे आणि खालच्यांचं छत दोनदा रंगवून देण्याचे पैसे मोजले तर हे स्वस्तच पडतं.

मिस्त्रींशी व्यवहार

सगळा दोष मिस्त्रींवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. आपण त्याला सांगतो, "संध्याकाळपर्यंत उरकून टाक, उद्या पाहुणे येणार आहेत." ओला सांधा, न वाळलेला थर आणि वर लगेच अंघोळ, यात त्याचाही इलाज चालत नाही. घाई आपली असते, आणि नाव त्याचं खराब होतं.

म्हणून कामाआधीच बोलून घ्या. काय काढणार, कुठला माल वापरणार, किती दिवस वाळू देणार, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. झाकण्याआधी प्रत्येक थराचे मोबाइलवर फोटो काढा. आणि सांगून ठेवा की शेवटचा हप्ता पाण्याची परीक्षा झाल्यावर, खालच्या घरातून 'ठीक आहे' आल्यावर. मिस्त्री असं म्हटलं की रागावतो असं आपल्याला वाटतं. चांगला कारागीर रागावत नाही. त्याला आनंद होतो की काम समजणारं गिऱ्हाईक भेटलं. जो फार रागावला, त्याच्याबद्दल आपल्याला वेळेआधीच माहिती मिळाली असं समजा.

वरचे आणि खालचे

आता थोडं नाजूक बोलतो. एका सोसायटीत, नाव सांगत नाही, वरच्या आणि खालच्या घरात या गळतीवरून पाच वर्षं बोलणं बंद होतं. दोन्ही घरच्या बायका पूर्वी एकत्र पापड लाटायच्या. खालचे म्हणत, "तुमची मोरी गळते." वरचे म्हणत, "आम्ही दोनदा दुरुस्त केली, पावत्या आहेत." दोघंही खरं बोलत होते. मला बोलावलं तेव्हा मी वरच्या घरात नीळ ओतली, आणि खाली निळं पाणी आलंच नाही. गळत होता तो दोन्ही घरांच्या भिंतीमागून जाणारा सामाईक पाइप. पाच वर्षं दोघांनी एकमेकांना दोष दिला. काम संस्थेचं होतं, आणि परीक्षा कुणीच केली नव्हती.

आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याबद्दल स्पष्ट आहे. सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची. घरातल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी, संस्थेच्या मध्यस्थीने करायचा. 'वरच्याने करायचा' असं तिथे म्हटलेलं नाही, 'संबंधित' म्हटलं आहे. म्हणजे संबंध कुणाचा, हे आधी शोधावं लागतं. आणि रीतसर सूचना दिल्यावर तपासणीसाठी आपलं घर उघडून देणं हे सभासदाचं कर्तव्य आहे. तपासणीला येणाऱ्या कमिटीकडे 'हे आले आमच्या घरात नाक खुपसायला' असं बघू नका.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेपुढे तीन साध्या सूचना ठेवतो. एक, गळतीची तक्रार आली की पत्रव्यवहार सुरू करण्याआधी आठ दिवसांत दोन्ही घरांच्या उपस्थितीत पाण्याच्या परीक्षा घ्या, आणि निकाल कागदावर लिहून दोघांना द्या. दोन, प्रत्येक बाथरूमची दुरुस्ती केव्हा झाली, काय वापरलं, याची एक वही ठेवा. आणखी २५ वर्षांनी कमिटीत जी मुलं असतील, त्यांना ही वही इतिवृत्तापेक्षा जास्त उपयोगी पडेल. तीन, कुठल्याही घराचं बाथरूमचं काम, खालच्या घरात जाऊन बघितल्याशिवाय पूर्ण झालं असं मानू नका.

आपण सेवाग्रामच्या जवळ राहतो. बापूकुटी बघायला पाहुण्यांना घेऊन जातो. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. कुटीत त्यांची बसायची जागा आपण दाखवतो, तशी तिच्याला लागून असलेली न्हाणी आणि संडासही पुढच्या वेळी पाहुण्यांना दाखवा. घराच्या त्या कोपऱ्याची लाज बाळगू नये, त्याची काळजी घ्यावी, एवढं तिथे उभं राहिलं तरी कळतं.

या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी जाळी उचला, टॉर्च लावा, एक बादली पाणी ओता. आणि मग खालच्यांकडे जा. भांडायला किंवा समजूत घालायला नको, नुसतं विचारायला जा, "वहिनी, आमच्याकडून काही पाणी येतं का?" चहा तर मिळेलच. ज्यांच्या घरी गळती नाही त्यांनीही जावं. गळती नसताना झालेली ओळख गळती लागल्यावर उपयोगी पडते.

कार्यक्रमानंतर पेन्सिल आणि कागद घेऊन मी इथेच बसतो. ज्यांना आपल्या बाथरूमचा नकाशा काढून विचारायचं आहे त्यांनी खुशाल यावं.